छातीचा पिंजरा हलतो कसा: पाठीचे बारा मणके आणि बरगड्या ओळखण्यापासून मोकळ्या करण्यापर्यंत

‘मागे वळून बघा’ म्हटलं की बहुतेक माणसं आधी मान वळवतात, ती पुरली नाही की कंबर वळवतात. मधला मोठा टापू, म्हणजे मानेच्या बुडापासून शेवटच्या बरगडीपर्यंतचा, जिथल्या तिथे राहतो. गंमत अशी की वळणं हे काम मुळात त्याच टापूचं. कमरेचे पाच मणके पुढेमागे भरपूर वाकतात, पण वळायची वेळ आली की पाचही मिळून एका बाजूला जेमतेम ५ ते ७ अंश देतात. छातीमागचे बारा मणके प्रत्येक बाजूला ३० ते ३५ अंश वळू शकतात. त्यांनी काम सोडलं की ते मानेवर आणि कमरेवर येऊन पडतं, आणि दुखायला लागतं तेही तिथेच. म्हणून कमरेला मलम चोळून पाठ मोकळी होत नाही.

व्यायामावर थेट उडी मारू नका. जो भाग हलवायचा तो नेमका कुठे आहे हे बोटांना कळलं नसेल, तर तुम्ही पुन्हा कंबरच फिरवाल आणि ‘केले बुवा सगळे व्यायाम, काही फरक नाही’ म्हणाल.

आधी बोटं लावा

स्टुलावर बसा. मान पुढे टाका आणि मानेच्या मागून बोट खाली सरकवत न्या. शर्टाची कॉलर टेकते त्या सुमाराला एक ठळक उंचवटा लागेल. तो सहसा मानेचा सातवा मणका. पुष्कळांना तिथे दोन-तीन उंचवटे सारखेच लागतात. अशा वेळी वरच्या दोन उंचवट्यांवर एकेक बोट ठेवून हळूहळू वर छताकडे बघा. बोटाखालून आत निसटतो तो सहावा, जागचा हलत नाही तो सातवा. सातव्याच्या खालचा पहिला मणका छातीचा. आपल्याकडे एक्स-रे किंवा एमआरआयच्या रिपोर्टवर हे मणके ‘डी-१’ ते ‘डी-१२’ असे लिहिलेले असतात, काही ठिकाणी ‘टी-१’ ते ‘टी-१२’. दोन्ही एकच, घाबरून जायचं कारण नाही.

आता हात मोकळे सोडून घरातल्या कुणाला तरी मागे उभं करा. खांद्याच्या पात्यावर एक आडवी कड लागते. तिचं कण्याकडचं टोक साधारण छातीच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर असतं, आणि पात्याचं सगळ्यात खालचं टोक साधारण सातव्याच्या. माणसागणिक एखाद्या मणक्याचा फरक पडतो, तेवढा धरून चाला. बोटाला जे लागतं ते मणक्याचं मागचं टोक असतं, मणक्याचं धड नव्हे. पाठीच्या मध्यावर, पाचव्यापासून आठव्यापर्यंत, ही टोकं इतकी खाली झुकलेली असतात की सातव्याचं टोक आठव्याच्या धडासमोर येतं. मालिश करणाऱ्याने आणि ‘बरोब्बर इथेच दुखतंय’ म्हणणाऱ्याने, दोघांनीही हे लक्षात ठेवलेलं बरं.

पुढच्या बाजूला या. दोन हासळींच्या मधल्या खळग्यात बोट ठेवा आणि छातीच्या हाडावरून सरळ खाली घसरवा. दोन-तीन बोटं खाली, साधारण ५ सेंटिमीटरवर, एक आडवा उंचवटा लागेल. छातीच्या हाडाचा वरचा तुकडा आणि मधला तुकडा तिथे जुळतात. त्या उंचवट्यावरून बोट बाजूला नेलं की जी बरगडी लागते ती दुसरी. पहिली हासळीखाली दडलेली असते, ती सहजी हाताला लागत नाही. डॉक्टरसुद्धा बरगड्या मोजायला इथूनच सुरुवात करतात. छातीच्या हाडाच्या कडेकडेने खाली मोजत गेलात तर सातवीपर्यंतच्या बरगड्या आपापल्या कुर्चेने थेट त्या हाडाला मिळालेल्या आढळतील. आठवी, नववी, दहावी वरच्या कुर्चेला जाऊन चिकटतात आणि पोटाच्या वर ती कमान तयार होते. अकरावी आणि बारावी पुढे कशालाच जोडलेल्या नसतात. कुशीत, कमरेच्या हाडाच्या वर, अकरावीचं टोक बोटाला लागतं. बारावी काहींना लागते, काहींना लागतच नाही इतकी आखूड असते.

आता एक हात पुढे दुसऱ्या बरगडीवर ठेवा, आणि मागे उभ्या असलेल्या माणसाला त्याच पातळीवर तुमच्या पाठीवर बोट ठेवायला सांगा. ते बोट चौथ्या-पाचव्या मणक्याच्या आसपास पडेल. पण ही बरगडी मागे निघते ती पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या सांध्यापासून. म्हणजे मागून पुढे येईतो ती दोन-तीन मणके खाली उतरलेली असते. बरगड्या आडव्या कड्या नाहीत, पुढे उतरत्या आहेत. छातीची पुढची हालचाल या उतरणीवरच चालते.

एका मणक्याला बारा सांधे

दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतचा कुठलाही मणका घ्या. वरच्या आणि खालच्या मणक्याशी चकतीने जुळलेले दोन सांधे. मागच्या बाजूला वरखाली मिळून चार लहान सांधे. बरगड्यांची डोकी टेकतात असे चार, कारण दुसरीपासून नववीपर्यंतच्या प्रत्येक बरगडीचं डोकं दोन मणक्यांच्या मधोमध, चकतीला लागून बसतं. आणि मणक्याच्या दोन्ही बाजूंना निघालेल्या फांद्यांवर बरगडी टेकते, ते दोन. झाले बारा. यातला एखादा लहानसा सांधा रुसला की श्वास घेताना पात्याच्या आत सुई टोचल्यासारखी चमक येते आणि आपण ‘उसण भरली’ म्हणतो.

मागचे लहान सांधे जवळजवळ पाठीच्या पातळीला समांतर असतात. एकावर एक ठेवलेले ते सपाट पृष्ठभाग बाजूला घसरू शकतात, म्हणून वळणं सोपं. कमरेत हेच सांधे पुढेमागे धावणाऱ्या दिशेत वळलेले असतात आणि फिरण्याला आडवे येतात. बदल होतो तो बाराव्या मणक्यापाशी: त्याचे वरचे सांधे छातीच्या पद्धतीचे, खालचे कमरेच्या पद्धतीचे. वळणारा भाग संपून न वळणारा सुरू होतो त्या सांध्यावर ताण जास्त. पडल्यावर किंवा हाडं ठिसूळ झाल्यावर मणका दबतो तो बहुधा बारावा नाहीतर त्याच्या खालचा कमरेचा पहिला, त्यामागे हेही एक कारण आहे.

पुढे वाकणं या भागात ३० ते ४० अंश, मागे वाकणं २०-२५, बाजूला कलणं प्रत्येकी २५ च्या आसपास. चकत्या पातळ आणि भोवती बरगड्यांचं कुंपण, त्यामुळे एकेका मणक्याची हालचाल थोडीच. बारांची बेरीज मात्र चांगली होते. आणि हो, या भागाला मागे बाक असतोच. २० ते ४५ अंशांचा बाक निरोगी मानतात. ‘पोक काढून बसू नकोस’ म्हणून मुलांना काठीसारखं ताठ बसवायचा आग्रह धरू नये; आई-आजींचा हेतू चांगला, पण बाक अजिबात नसलेली पाठही तितकीच आखडलेली असते.

श्वासाबरोबर बरगडी कुठे जाते

शरीरशास्त्रात यासाठी दोन ठरलेल्या उपमा आहेत आणि दोन्ही आपल्या ओळखीच्या: हापशाचा दांडा आणि बादलीची कडी. वरच्या बरगड्या हापशाच्या दांड्यासारख्या चालतात. मागचं टोक जागेवर, पुढचं उतरलेलं टोक वर उचललं जातं आणि त्याबरोबर छातीचं हाड वर-पुढे येतं. छातीची पुढून मागे खोली वाढते. खालच्या बरगड्यांचा मधला, कुशीकडचा भाग दोन्ही टोकांपेक्षा खाली लोंबत असतो. तो पडलेल्या कडीसारखा वर उचलला गेला की छाती रुंद होते. अकरावी-बारावी पुढे मोकळ्या, त्या नुसत्या बाहेर-मागे उघडतात.

हे हाताला कळतं. एक तळवा छातीच्या हाडावर वरच्या भागात ठेवा, दुसरा कुशीत, खालच्या बरगड्यांवर, अंगठा मागे. नाकाने सावकाश श्वास घ्या. वरचा हात पुढे-वर जायला हवा, खालचा बाहेर. पुष्कळांचा खालचा हात हलतच नाही, त्याऐवजी दोन्ही खांदे कानाकडे जातात. याचा अर्थ पहिल्या दोन बरगड्यांना धरणारे मानेचे स्नायू श्वासाचं रोजचं काम ओढतायत. संध्याकाळी मान जड होते ती यामुळेही.

‘पोटाने श्वास घ्या’ ही सूचना आपल्याकडे सर्रास दिली जाते. मला ती अर्धीच वाटते. श्वासपटल खालच्या सहा बरगड्यांना आतून चिकटलेलं असतं. ते आकसून खाली उतरतं, पोटातले अवयव त्याला खालून अडवतात, आणि तो अडसर मिळाला की ते बरगड्यांना बाहेर-वर उचलतं. पोट एकदम ढिलं सोडून फुगवलंत तर अडसरच उरत नाही, आणि कुशी जागच्या हलत नाहीत. पोट थोडं हलू द्या, पण लक्ष कुशींवर आणि पाठीच्या खालच्या बरगड्यांवर असू द्या.

वळतानाही बरगड्या सोबत जातात. उजवीकडे वळलात की उजव्या बरगड्या मागे जातात, डाव्या पुढे येतात. डावीकडे कललात की उजव्या बरगड्यांमधल्या फटी उघडतात. बरगड्या श्वासाने आखडलेल्या असतील तर मणक्यांना वळायची इच्छा असूनही वळता येत नाही. म्हणून पुढच्या प्रत्येक व्यायामात श्वास आहे.

मोजून घ्या

घरात चौकोनी लाद्या असतील तर कोनमापक लागत नाही. स्टूल अशा रीतीने ठेवा की बसल्यावर मांड्या लाद्यांच्या रेघांना समांतर राहतील. गुडघ्यांमध्ये उशी दाबून धरा. मॉपची काठी छातीवर आडवी धरून तिच्यावर हातांची घडी घाला. आता उजवीकडे वळा. काठी लादीच्या कर्णाच्या दिशेत आली तर तुम्ही ४५ अंश वळलात. त्यात कमरेचे काही अंश धरलेले आहेत. दोन्हीकडे कर्ण गाठत असाल तर उत्तम. एक गुडघा पुढे सरकला तर ते वळणं नाही, ती चोरी. आणि आकड्यापेक्षा दोन बाजूंमधला फरक जास्त बोलतो.

दुसरी चाचणी भिंतीची. टाचा, ढुंगण आणि पाठ भिंतीला टेकवून उभे राहा. हनुवटी वर न उचलता डोक्याची मागची बाजू भिंतीला लागली पाहिजे. लागत नसेल तर वरचा बाक वाढला आहे. घरातल्या वयस्कर माणसांची याच वेळी आणखी एक गोष्ट तपासा: मागे उभं राहून त्यांच्या शेवटच्या बरगडीच्या आणि कमरेच्या हाडाच्या मध्ये बोटं आडवी घाला. दोन बोटंही मावत नसतील आणि उंची कमी झाल्यासारखी वाटत असेल, तर मणका दबल्याची शक्यता असते. व्यायाम बाजूला ठेवून आधी एक्स-रे काढा.

तिसरी चाचणी टेपची. पुरुषांमध्ये स्तनाग्रांच्या पातळीवर, बायकांमध्ये स्तनांच्या लगेच खाली टेप गुंडाळा. श्वास पूर्ण सोडून एक माप, पूर्ण भरून दुसरं. महाराष्ट्र पोलीस भरतीला धावणाऱ्या मुलांना हे तोंडपाठ असतं: न फुगवता किमान ७९ सेंटिमीटर आणि फुगवून किमान ५ सेंटिमीटर जास्त. तरुण निरोगी माणसाला ५ सेंटिमीटर जड जाऊ नयेत. भरतीची तयारी करणारी मुलं यासाठी नुसते जोर मारत बसतात. जोरांनी छातीचा स्नायू वाढतो, म्हणजे पहिला आकडा वाढतो. फरकाचा आकडा बरगड्यांच्या सांध्यांवर अवलंबून असतो.

आधी डॉक्टर, मग व्यायाम

चालताना किंवा जिना चढताना छातीत दाबल्यासारखं होत असेल, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, घाम फुटत असेल, तर ‘गॅस झालाय’ म्हणत पाठ चोळत बसू नका. १०८ ला फोन करा. श्वास घेताना टोचतं आणि सोबत ताप किंवा धाप आहे, तर तो स्नायूंचा मामला असेलच असं नाही. एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होऊन दोन-चार दिवसांत त्याच पट्ट्यावर पुरळ उठली, तर ती नागीण. तिची औषधं जितकी लवकर सुरू होतील तितकी बरी. रात्रीचं दुखणं, संध्याकाळचा बारीक ताप आणि वजनात घट या तिन्ही गोष्टी जुळल्या तर मणक्याच्या क्षयाची तपासणी हवीच. आपल्या देशात तो अजूनही आहे आणि तो छातीमागच्या मणक्यांना पुष्कळदा धरतो. पायांत जोर कमी वाटणं, लघवीवरचा ताबा जाणं ही तातडीची लक्षणं. आणि पंचेचाळिशीच्या आतल्या माणसाची पाठ तीन महिन्यांहून जास्त काळ सकाळी अर्धा तास तरी आखडते, हालचालीने सुटते आणि टेपवरचा फरक २.५ सेंटिमीटरच्याही खाली आहे, तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा.

पायाळू माणसाकडून उसणीवर लाथ मारून घेणं अजून चालतं. तरण्या माणसाला त्याने बरं वाटतही असेल. सत्तरीच्या बाईच्या ठिसूळ मणक्यांवर मात्र तो प्रयोग करू नये.

हलवायचं कसं

युक्ती एकच: कंबर आणि मान आधी बांधून टाकायची, म्हणजे मधल्या भागाला दुसरा पर्याय उरत नाही. हाडं ठिसूळ असतील तर पुढे वाकणं आणि जोर लावून पिळणं वगळा. सुरुवात या क्रमाने करा.

१. पंचा बांधून श्वास. खालच्या बरगड्यांभोवती पंचा किंवा ओढणी गुंडाळा, टोकं समोर फुलीत धरा. श्वास घेताना बरगड्यांनी पंचा दोन्ही कुशींकडे ढकलायचा, खांदे खालीच. श्वास सोडताना टोकं हलकेच ओढून बरगड्यांना आत येऊ द्या. दहा श्वास. एका बाजूचा पंचा कमी ताणला जातो असं बहुतेकांना जाणवतं. पुढचे व्यायाम त्या बाजूने सुरू करा.

२. कुशीवर झोपून उघडणं. डाव्या कुशीवर झोपा, डोक्याखाली उशी, दोन्ही गुडघे पोटाकडे काटकोनापेक्षा थोडे जास्तच ओढलेले, मध्ये दुसरी उशी. गुडघे असे वर घेतले की कंबर बांधली जाते. दोन्ही हात समोर, तळव्यावर तळवा. उजवा हात वर उचलून मागे न्या, नजर हाताबरोबर. उजवा गुडघा उशीवरून सुटू लागला की तिथेच थांबा. हात जमिनीला टेकायलाच हवा हा हट्ट नको, कारण तो टेकतो तेव्हा बहुधा खांदा पुढून ओढला जातो, पाठ वळत नाही. थांबलेल्या जागी चार-पाच श्वास घ्या. प्रत्येक वेळी श्वास सोडताना बरगड्या थोड्या सैल पडतात आणि हात आपोआप बोटभर खाली जातो. मग कूस बदला.

३. वज्रासनात पुढे टेकून वळणं. वज्रासनात बसून पुढे या, डावा कोपर गुडघ्यांसमोर जमिनीवर टेकवा. ढुंगण टाचांवरून उठू द्यायचं नाही. तेवढं पाळलं की कमरेला वळायला जागाच राहत नाही. उजवा तळवा मानेमागे ठेवा, कोपर आधी खाली डाव्या कोपराकडे, मग श्वास सोडत छताकडे. कोपर नव्हे, छातीचं हाड वळतंय ना, हे बघा. प्रत्येक बाजूला सहा-आठ वेळा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसून टेबलावर कोपर टेकवा.

४. गुंडाळीवरून मागे. सतरंजी किंवा जाडसर टॉवेल घट्ट गुंडाळून साधारण मनगटाएवढी जाड वळकटी करा. पात्यांच्या खालच्या टोकांच्या पातळीवर ती पाठीखाली आडवी येईल असे उताणे झोपा, गुडघे वाकवलेले, हात मानेमागे. डोक्याचं वजन हातांवर सोडा आणि श्वास सोडत पाठ वळकटीवरून मागे ओघळू द्या. पोटाच्या वरची कमान छताकडे उसळली तर कंबर घुसली असं समजा आणि थोडं परत या. तीन श्वास घेऊन वळकटी दोन बोटं वर सरकवा, पुन्हा तेच. बरगड्यांच्या खाली, कमरेत, ती कधीही ठेवायची नाही. पुण्यात अय्यंगार गुरुजींच्या शिष्यपरंपरेत घोंगडीच्या घड्या, लोड आणि दोर इतक्या बारकाईने वापरतात, त्यामागे हाच विचार दिसतो: आधार नेमक्या जागी दिला की वाकणं नेमक्या जागी होतं.

५. बाजूला कलून श्वास. खुर्चीत बसा, बसल्यावर ढुंगणाखाली टेकणाऱ्या दोन्ही हाडांवर सारखं वजन. उजवा हात डोक्यावरून डावीकडे नेत कलून थांबा आणि श्वास उजव्या कुशीत भरा. चार श्वास पुरे. हा सोपा आहे, ऑफिसात करता येतो, आणि बरगड्यांमध्ये भरलेल्या चमकेवर बऱ्याचदा लगेच उतार देतो.

सगळं मिळून दहा-बारा मिनिटं होतात. ताण जाणवणं ठीक. टोचणं, मुंग्या येणं किंवा दुखणं गोल फिरून पुढे येणं ठीक नाही.

सूर्यनमस्कार घालणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. बाराही स्थिती डोळ्यांसमोर आणा: पुढे, मागे, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. वळणं एकाही स्थितीत नाही, बाजूला कलणंही नाही. रोज बारा घाला नाहीतर एकशेआठ, छातीमागचे मणके ज्यासाठी घडलेत ती हालचाल त्यात येतच नाही. म्हणून नमस्कारांनंतर वक्रासन किंवा अर्धमत्स्येंद्रासन घ्या, पण हाताने गुडघा रेटून पिळू नका. आधी छातीचं हाड वळवा, मग हात लावा, मान सगळ्यात शेवटी. भुजंगासनात हात सरळ करायची घाई असते, तिथे कोपर वाकलेलेच ठेवून छातीचं हाड पुढे खेचा, म्हणजे वाक कमरेऐवजी पाठीत येतो. तालमीत मुद्गल फिरवणाऱ्यांनी नमस्कारांच्या जोडीला ते चालू ठेवावेत, खांद्यामागून फिरणाऱ्या मुद्गलाबरोबर वरची पाठ चांगली राबते.

लाद्यांवरची चाचणी महिन्याने पुन्हा करा, त्याच स्टुलावर, त्याच काठीने, आणि शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी, कारण सकाळी उठल्या उठल्या कुणाचीही पाठ संध्याकाळपेक्षा कमी वळते.